भूल चढेपर्यंत

दाढ दुखायला लागते ती बहुतेक वेळा रात्री. दिवसभर नुसती कुणकुण असते, आपण दुसऱ्या बाजूने चावून वेळ मारून नेतो, आणि रात्री आडवं झालं की अर्ध्या तासात असा ठणका सुरू होतो की कान, कानशील, मान सगळं एक होतं आणि नेमकी कुठली दाढ दुखतेय तेसुद्धा सांगता येत नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आणि दाताच्या आतली नस चारी बाजूंनी टणक दातात कोंडलेली असते, सुजली तरी पसरायला तिला जागाच नसते, म्हणून रात्र वाईट. मग उशी उंच करा, भिंतीला टेकून बसा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, घरात सापडेल ती पेनकिलर घ्या, आणि कधी एकदा उजाडतंय आणि डॉक्टरकडे जातोय असं होतं. पण उजाडलं आणि ठणका जरा उतरला की तोच माणूस म्हणतो, राहू दे, बघू नंतर.

रात्रभर दुखणं काढलेला माणूस सकाळी ते थांबवणाऱ्यालाच का घाबरतो, हे मी बरीच वर्षं माझ्या आईकडे बघून समजून घ्यायचा प्रयत्न करतेय.

आई कराडकडची. तिच्या पिढीतल्या आमच्याकडच्या कितीतरी बायका दाताला मिश्री लावतात, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बारीक पूड करून डबीत भरून ठेवलेली, सकाळी चुलीपुढं बसून बोटाने हिरड्यांवर चोळत राहायची. यातल्या किती जणींची ही सवय दातदुखीपासून सुरू झालीय ते विचारून बघा. दाढ दुखली, शेजारणीने सांगितलं मिश्री लाव, तेवढ्यापुरतं जरा बरं वाटलं, मग रोजचीच झाली. हिरड्या खाली जातात, दात हलायला लागतात, तोंडाचा कॅन्सर होतो, हे सगळं नंतर. पण सुरुवात कुठून होते तर जवळपास दातांचा डॉक्टर नाही आणि असला तरी त्याची धास्ती, तिथून. मला त्या बायकांना नावं ठेवाविशी वाटत नाहीत. रात्री दोन वाजता दुखणाऱ्या दाढेला जे हाताशी असेल ते लावलं जातं.

लवंगेचं मात्र खरं आहे हां. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि ते खरोखरच नस थोडी बधिर करतं. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये हेच युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात, दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो एक वास येतो ना तो बराचसा त्याचाच. म्हणजे आजीचं चुकत नव्हतं. फक्त तेल वरवर काम करतं, दाढ उपटायची असेल तर ते पुरत नाही, तिथं नसच गाठावी लागते.

आईची पहिली दाढ काढली तेव्हा मी कॉलेजात होते, तिच्याबरोबर मीच गेले होते. खालची डावीकडची दाढ, गाल सुजलेला, डोळ्याखालीसुद्धा जरा फुगल्यासारखं. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी बाटलीतून इंजेक्शन भरलं, तोंडात मागे दिलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि जवळजवळ लगेचच पक्कड उचलली. आई ओरडली. डॉक्टर म्हणाले, ताई इंजेक्शन दिलंय, दुखणार नाही, तुमच्या मनाचं आहे ते. तिने हाताने खूण केली, दुखतंय, थांबा. ते म्हणाले झालंच, दोन मिनिटं सहन करा. मग ती काहीच बोलली नाही. खुर्चीच्या रेक्झिनच्या हाताला तिने इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या मनगटात रुतून वळ उठले, ते वळ मी दारातून बघत होते. घरी येताना एसटीत मी विचारलं, लई दुखलं का गं, तर तोंडातला बोळा तसाच धरून मान हलवली, न्हाई म्हणून.

त्यानंतर ती वर्षानुवर्षं दातांच्या डॉक्टरकडे गेली नाही. दात किडले, हलले, काही आपोआप पडले. भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली, भुईमुगाच्या शेंगा सोडल्या, पेरू तर केव्हाच सुटला, आणि कुणी विचारलं की म्हणायची आता वय झालं. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

"तुमच्या मनाचं आहे ते" हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे माझी मामेबहीण दातांची डॉक्टर झाली, तिच्याकडून हळूहळू सगळं कळत गेलं, काही मी स्वतः वाचत गेले, आणि आता मी खात्रीने सांगू शकते की आईला त्या दिवशी खरंच दुखत होतं आणि ते का दुखत होतं त्याला अगदी रसायनशास्त्रातलं कारण आहे.

नस म्हणजे शेवटी मेंदूकडे निरोप नेणारी तार, आणि तो निरोप पुढे जातो तो सोडियमचे कण नसेच्या आत घुसतात म्हणून. ते ज्या बारीक दारांतून आत घुसतात ती दारं बंद केली की निरोप थांबला, दुखणं मेंदूपर्यंत पोचलंच नाही. दाताच्या इंजेक्शनातलं लिग्नोकेन नावाचं औषध हेच करतं. पण हे औषध त्या दाराला आतल्या बाजूनेच कडी लावतं, बाहेरून नाही. म्हणजे आधी त्याला नसेच्या पापुद्र्यातून आत जायला पाहिजे, आणि आत जाता येतं ते फक्त औषधाच्या ज्या कणांवर विद्युतभार नसतो त्यांना. निरोगी हिरडीत औषधाचे साधारण चोवीस-पंचवीस टक्के कण असे भार नसलेले असतात, तेवढे पुरतात. पण जिथे पू झालाय, सूज आहे, तिथलं सगळं आम्लधर्मी झालेलं असतं, आणि आम्लात हे प्रमाण धाडकन खाली येतं. सामू, म्हणजे pH, ७.४ वरून ६ पर्यंत उतरला तर शंभरातला जेमतेम एखादा कण आत जायच्या लायकीचा राहतो. औषध तेच, डोस तोच, डॉक्टरचा हातही तोच, आणि तरी भूल चढत नाही. त्यात सुजलेल्या जागी रक्ताचा पुरवठा वाढलेला असतो म्हणून औषध लवकर वाहूनही जातं, आणि सुजून बसलेली नस एरवीपेक्षा कितीतरी जास्त चिडलेली असते. आईचा गाल टम्म सुजलेला होता. तिला दुखणारच होतं.

आणि ती खालची दाढ होती, हेही आलंच. वरच्या जबड्याचं हाड जरा सच्छिद्र असतं, दाताच्या मुळाजवळ हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपून नसेपर्यंत पोचतं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या दाढांपाशी जाड आणि घट्ट, तिथून काही झिरपत नाही. मग डॉक्टरला पार मागे, जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला, जिथे नस हाडात शिरते त्याच्या थोडं अलीकडे तिला गाठावं लागतं. ती जागा डोळ्याला दिसत नाही. बोटाने हाडाचा खळगा चाचपायचा, गालाच्या आतली एक घडी बघायची, समोरच्या बाजूच्या दातांवरून सुईचा कोन धरायचा आणि अंदाजाने जायचं. प्रत्येकाच्या जबड्याची ठेवण वेगळी, कुणाची नस थोडी वर, कुणाची थोडी मागे, काहींना दुसऱ्याच एका नसेच्या फांदीतून त्या दाढेला जास्तीची संवेदना येत असते. त्यामुळे चांगल्या अनुभवी हातांकडूनसुद्धा हे इंजेक्शन दर वेळी पहिल्याच खेपेला लागू पडत नाही. बहीण म्हणते यात कमीपणा काही नाही, परत द्यायचं, थोडं वर द्यायचं, नाहीतर दाढ आणि हाड यांच्या मधल्या फटीत द्यायचं, पर्याय भरपूर आहेत. फक्त पेशंट सांगतोय त्यावर आधी विश्वास ठेवायला पाहिजे.

आणि थांबायला पाहिजे. हे तर सगळ्यात आधी. ओठ जड व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, पण ओठ जड झाला म्हणजे दाताच्या आतली नस बधिर झालीच असं नाही, तिला दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. ही मिनिटं पेशंटच्या हक्काची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर रांग कितीही असो.

याच घाईने एका माणसाचं आयुष्य कसं उलटंपालटं झालं बघा. होरेस वेल्स नावाचा अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दातांचा डॉक्टर, त्याने १८४४ च्या डिसेंबरात नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि त्याला काही दुखलं नाही. म्हणजे शस्त्रक्रियेत वेदना थांबवता येतात हे दाखवणाऱ्यांत दातांचा डॉक्टर पहिल्या रांगेत होता. पुढच्याच महिन्यात तो बोस्टनला गेला, विद्यार्थ्यांपुढे आणि मोठ्या डॉक्टरांपुढे प्रयोग करून दाखवायला, आणि तिथे गॅसची पिशवी जरा लवकरच काढून घेतली गेली. पेशंट ओरडला. लोकांनी हुर्यो केली, ढोंगी म्हणून. त्याच्याच ओळखीच्या विल्यम मॉर्टनने १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्येच ईथर वापरून यशस्वी प्रयोग केला आणि नाव त्याचं झालं. वेल्सने १८४८ साली जीव दिला. हे वाचल्यापासून कुणी घाईघाईने पक्कड उचलताना दिसलं की मला तो माणूस आठवतो. औषध बरोबर होतं त्याचं. वेळ कमी पडला.

ती पूर्ण शुद्ध घालवणारी भूल झाली. फक्त जागा बधिर करणारी भूल त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आली. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने १८८४ साली कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं, आणि ते जिथे मांडायचं त्या हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन इंजेक्शनने नसेजवळ सोडून बघितलं, आणि त्यात खालच्या जबड्याची तीच नस होती जी आजही रोज लाखो लोकांची बधिर केली जाते. प्रयोग करायचे स्वतःवर आणि एकमेकांवर. कोकेनचं व्यसन कसं लागतं हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि त्यातल्या कित्येकांना ते लागलं. हॉलस्टेड पुढे जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकेतल्या नावाजलेल्या रुग्णालयाचा फार मोठा सर्जन झाला, पण कोकेनमधून सुटताना मॉर्फिनमध्ये अडकला, आणि ते शेवटपर्यंत पूर्ण सुटलं नाही. आपल्याला दुखू नये म्हणून ह्या लोकांनी काय काय मोजलंय, हे खुर्चीत बसताना एकदा तरी मनात यावं असं मला वाटतं.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन बनवलं, नोव्होकेन नावाने ते जगभर गेलं, कोकेनसारखं व्यसन नाही. त्याला ते सर्जन लोकांसाठी हवं होतं, पण उचललं दातांच्या डॉक्टरांनी. आणि आपण आज जे घेतो ते लिग्नोकेन, म्हणजेच झायलोकेन, ते स्टॉकहोमचं. तिथे १९३० च्या दशकात होल्गर एर्टमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ एका वेगळ्याच पदार्थावर काम करत होता, त्याने तो जिभेला लावून बघितला आणि जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून निल्स लोफग्रेनने चिकाटीने एकामागून एक पदार्थ तयार केले, १९४३ साली लिग्नोकेन हाती आलं, आणि बेंग्ट लुंडक्विस्ट नावाच्या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्या अंगात टोचून टोचून तपासलं. १९४८ ला बाजारात आलं. लुंडक्विस्ट त्यानंतर पाच वर्षांत, ऐन तिशीत गेला. कोकेनचंही असंच, पहिल्यांदा ते वेगळं काढणाऱ्या आल्बर्ट नीमनने १८६० च्या सुमाराला लिहून ठेवलंय की जिभेवर ठेवलं तर जीभ बधिर होते. म्हणजे ह्या सगळ्याची सुरुवात दोन्ही वेळा माणसाच्या तोंडातच झालीय. मला हे फार आवडतं.

आता आईकडे येते. मागच्या पावसाळ्यात तिची खालची उजवी दाढ परत सुजली, या वेळी मी आणि भावाने मिळून तिला अक्षरशः गाडीत बसवलं आणि बहिणीच्या दवाखान्यात नेलं. बहिणीने पहिल्या दिवशी दाढ काढलीच नाही. म्हणाली आत्या, आज काढायला गेले तर भूल नीट चढणार नाही, आधी पू काढू, सूज उतरू दे. आतली नस मेलेलीच होती, त्यामुळे दाढ वरून उघडून पू निघायला वाट करून दिली तेव्हा फारसं दुखलं नाही. गोळ्या दिल्या, काही दिवसांनी बोलावलं.

त्या दुसऱ्या खेपेला मी आत खुर्चीशेजारीच उभी होते. बहिणीने आधी विचारलं जेवलीस का. रिकाम्या पोटी घाबरून आलेला पेशंट इंजेक्शननंतर चक्कर येऊन पडतो आणि मग आयुष्यभर सांगत सुटतो की मला त्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे. बीपीची गोळी घेतली का, साखर किती होती, दुसरं काय औषध चालू आहे, सगळं विचारून झालं. मग गॉजने हिरडी कोरडी केली, बधिर करणारी जेली लावली आणि दोन मिनिटं नुसती गप्पा मारत बसली, गावाकडे सोयाबीन कसं आहे वगैरे. औषधाची काचेची कार्ट्रिज तिने तेवढा वेळ मुठीत धरून ठेवली होती, गार औषध जास्त झोंबतं म्हणून. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रबरी बुचाच्या मोठ्या बाटलीतून साध्या दोन मिलिच्या सिरिंजमध्ये भरूनच देतात, त्यानेही काम होतं, पण सुई जाड असते आणि हात हळू ठेवणं अवघड जातं असं ती म्हणते. सुई टोचताना तिने दुसऱ्या हाताने गाल ओढून जरा हलवत ठेवला. ही काही नुसती सवय नाही, हलण्याचा आणि स्पर्शाचा निरोप सोबत गेला की टोचल्याचा निरोप मेंदूत वर पोचायच्या आधीच मागे पडतो, मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली हे मांडलं. आणि औषध इतकं हळू सोडलं की मला वाटलं अडकलं की काय. मिनिटाला साधारण एक मिलि, त्याहून जास्त नाही. भसकन सोडलं की दुखतं ते सुईपेक्षा त्या दाबाने दुखतं.

मग ती म्हणाली, आत्या, डावा हात मोकळा ठेव, दुखलं की वर कर, मी थांबेन.

दहा मिनिटं गेली. ओठ जड झाला का, थोडाच की पार मधोमधपर्यंत, जिभेची कड कशी लागतेय, सगळं विचारून, टोकदार दाभणासारख्या हत्याराने हिरडी आतून बाहेरून टोचून बघून झालं. गालाकडच्या हिरडीची नस वेगळी असते, तिथे अजून एक छोटं इंजेक्शन दिलं. आणि तिने हत्यार नुसतं दाढेला टेकवलं तेवढ्यात आईने हात वर केला. बहीण थांबली, दोन्ही हात बाहेर काढून. दुखलं? आईने मान हलवली, न्हाई. परत टेकवलं, आईने परत हात वर केला. बहीण परत थांबली, तितक्याच शांतपणे, काही न बोलता. मला तेव्हा समजलं की आईला दुखत नव्हतं, ती बघत होती ही खरंच थांबते का. त्यानंतर तिने हात वर केलाच नाही. हात पोटावर सैल पडला होता, मुठी उघड्या. आता दाब जाणवेल, कड्कन आवाज येईल, दुखणार नाही, असं बहिणीने आधीच सांगितलं होतं, कारण दाबाची संवेदना नेणाऱ्या जाड नसा दुखण्याच्या नसांइतक्या लवकर बधिर होत नाहीत, आणि हे आधी माहीत नसलं की माणूस त्या दाबालाच दुखणं समजून घाबरतो. दाढ निघाली, ट्रेमध्ये टाकली. आई तोंडात कापूस धरून बोबडं बोलली, एवढंच?

मला आतून भरून आलं आणि त्याच वेळी राग पण आला. इतकी वर्षं, इतके दात, कशासाठी.

काही लोक म्हणतील एक तुझी बहीण म्हणून एवढा वेळ दिला. तसं नाही, ती सगळ्यांनाच देते, आणि असे डॉक्टर आता गावोगावी आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय. सरकारी दवाखान्यात एकेका डॉक्टरपुढे किती पेशंट असतात तेही मी बघितलंय, त्यांच्या जागी उभं राहिल्याशिवाय बोलणं सोपं आहे. पण थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं कुठे आहे, एकाला इंजेक्शन देऊन बाहेर बसवून दुसऱ्याला बघता येतं, कित्येक जण तसंच करतात. अडचण वेळेपेक्षा दुसरीकडेच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे सहन करणं हा गुण मानतात, बाईने तर सहन करायचंच, बाळंतपणात ओरडलेल्या बाईलासुद्धा गप बसवणारे लोक आहेत, तिथे दाढेचं काय घेऊन बसलात. आणि पेशंटही सांगत नाही. डॉक्टरांना राग येईल, त्यांना वाटेल आपण घाबरट आहोत. अहो, पण तुम्हाला दुखतंय ही डॉक्टरच्या कामाची माहिती आहे, ती त्याला दुसरीकडून कुठून मिळणार?

अजून दोन-तीन गोष्टी, ज्या मला आईला समजावताना उपयोगी पडल्या. इंजेक्शननंतर छातीत धडधडलं तर बहुतेक वेळा ते त्यातल्या ॲड्रेनलिनमुळे असतं. ऐंशी हजारात एक इतकंच ते मिसळलेलं असतं, त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं, रक्त कमी येतं, आणि ते नसेल तर दाताची भूल पाच-दहा मिनिटांतच उतरायला लागते. धडधड दोन-चार मिनिटांत जाते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार म्हणजे फार क्वचित असते. हार्टचा त्रास असेल, बीपी असेल तर आधी सांगायचंच, डॉक्टर त्याप्रमाणे औषध आणि डोस ठरवतात. आणि वरची दाढ काढली की नजर जाते हे जे घरोघरी सांगतात ते खरं नाही. दातांची नस आणि डोळ्याला दिसायला लावणारी नस या दोन पूर्णपणे वेगळ्या आहेत. ही भीती इतकी खोल बसलीय की आईच्या एका चुलत जावेने सुजलेला दात महिनोन्‌महिने तसाच ठेवला.

लहान मुलांचं मात्र जपा. दाताची भूल तासाभरात उतरते पण ओठ आणि गाल तीन-चार तास बधिर राहतात, मुलांना ते विचित्र वाटतं, ती ओठ चावत बसतात, गंमत वाटते कारण दुखत नाही, आणि संध्याकाळी भूल उतरली की ओठ सुजून लाल, जखम झालेली. आईबापांना वाटतं इंजेक्शनचंच काहीतरी झालं. तेवढा वेळ मुलाला खायला देऊ नका, नजर ठेवा, गरम दूध तर अजिबात नको, भाजलेलं कळत नाही.

आईचं अजून काम बाकी आहे. पुढच्या आठवड्यात वरची एक दाढ काढायचीय, मग कवळीचं माप. वरचं इंजेक्शन तसं सोपं, पण दाढ काढायची तर टाळूच्या बाजूनेही एक द्यावं लागतं, आणि टाळूची कातडी हाडाला इतकी घट्ट चिकटलेली असते की औषध मावायला जागाच नसते, ते सगळ्यांनाच दुखतं. बहिणीने हे आईला फोनवर आधीच सांगून टाकलं, लपवलं नाही. आईने विचारलं, किती वेळ दुकंल. ती म्हणाली दहा-पंधरा सेकंद आत्या, मी मोजत राहते. आई म्हणाली, मग मोठ्यानं मोज, मला ऐकू आलं पाहिजे.